समुद्राच्या मधले भूकंप: मॉडेल आणि नकाशा, प्रकल्प नोंदी (नागपूर, हिवाळा २०२४-२५)

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

विषय ठरला एकदाचा. भाच्याच्या कॉलेजात (अकरावी सायन्स) जानेवारीत प्रदर्शन आहे, त्याला 'भूकंप' घ्यायचा होता, म्हणजे तेच दरवर्षीचं, थर्माकोलचं घर, खाली मोटर, बटन दाबलं की घर गदगदा हलतं आणि पोट्टे टाळ्या वाजवतात. मी म्हटलं बावा ते नको, ते तर तुझ्या आईनेही शाळेत केलं होतं. आपण समुद्राच्या अगदी मधोमध होणारे भूकंप घेऊ, ज्यांची पेपरात बातमीच येत नाही. तो म्हणे, "मामा, ज्याची बातमीच नाही ते पाहायला येईन कोण?" प्रश्न बिनतोड आहे, पण मी मामा आहे, त्यामुळे विषय फायनल.

माझं शिक्षण एमएस्सी जिऑलॉजी, पोटापाण्याला जीआयएस (संगणकावर नकाशे बनवणं), दिवसभर लोकांच्या शेताच्या हद्दी डिजिटाइज करून राहिलो असतो, त्यामुळे नकाशाचा भाग माझ्याकडे, मॉडेलचा त्याच्याकडे. कॉलेजच्या मॅडमनी तारखेसहित नोंदी मागितल्या आहेत आणि लिहायचा कंटाळा त्याला आहे, म्हणून ह्याही माझ्याकडेच आल्या.

मुद्दा असा की समुद्रतळ मधोमध फाटत असतो, त्या फाटीतून लाव्हा वर येतो, थंड होतो, नवीन तळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकत जातो, ही मिड-ओशन रिज. हे सगळ्या पुस्तकांत आहे. पण रिज कुठेच सलग एका रेषेत नाही, तुकडे तुकडे आहेत, एक तुकडा इथे संपतो आणि पुढचा पन्नास, शंभर, कधी कधी नऊशे किलोमीटर बाजूला सुरू होतो, आणि ह्या दोन टोकांना जोडणारी जी आडवी रेघ आहे तो ट्रान्सफॉर्म फॉल्ट. तिथे नवीन तळ बनत नाही, जुना आत जात नाही, दोन प्लेट (पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे) फक्त एकमेकींना घासत बाजूने जातात. आमचा प्रकल्प ह्या रेघांचा.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून आलो आणि दुपारी डेटा उतरवला. यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ खातं) कॅटलॉगमधून १९७३ पासूनचे ५ तीव्रतेच्या वरचे सगळे भूकंप, जगभरातले, आणि खाली समुद्रतळाची खोली दाखवणारा जेबकोचा ग्रिड. क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकावर एक टाकले की लॅपटॉप पंख्यासारखा आवाज करायला लागतो पण चित्र असं येतं की भाचा मोबाइल ठेवून बघत बसला.

सगळ्यात आधी अटलांटिकच्या मधोमध, विषुववृत्तावर गेलो, रोमांश नावाच्या ट्रान्सफॉर्मवर. इथे रिजचे दोन तुकडे एकमेकांपासून जवळजवळ ९०० किलोमीटर सरकलेले आहेत. खोलीच्या नकाशात तळावर एक लांबच लांब चर दिसते, आफ्रिकेकडेही जाते आणि ब्राझीलकडेही, एकदम सलग. भूकंपाचे ठिपके मात्र त्या चरेवर सगळीकडे नाहीत. रिजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या भागात ठिपके, आणि टोक ओलांडलं की एकदम शुकशुकाट. चर पुढे शेकडो किलोमीटर तशीच जाते, भूकंप जात नाहीत. भाच्याला वाटलं डेटा अर्धा डाऊनलोड झाला. त्याला म्हटलं डेटा पूर्ण आहे, हेच तर दाखवायचं आहे, रविवारी सांगतो.

मग अरबी समुद्रात आलो. तिथली रिज कार्ल्सबर्ग. हो, बिअरवालीच. डॅनिश लोकांच्या 'डाना' जहाजाने १९२८ ते ३० मध्ये जगभर सफर केली, पैसा कार्ल्सबर्ग फाउंडेशनचा, म्हणून रिजला त्यांचं नाव. हे पोस्टरवर टाकायचं का ह्यावर ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, स्पष्ट नाही सांगितलं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज कागदाचं मॉडेल आणि त्यावरून वाद. मॉडेल सोपं आहे. पुठ्ठ्यात दोन उभ्या फटी पाडायच्या, एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे, आणि पहिलीच्या खालच्या टोकापासून दुसरीच्या वरच्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारायची. उभ्या फटी म्हणजे रिज, आडवी रेघ म्हणजे ट्रान्सफॉर्म. प्रत्येक फटीतून कागदाच्या दोन पट्ट्या वर काढायच्या, एक डावीकडे ओढायची, एक उजवीकडे. पट्ट्यांवर काळे-पांढरे पट्टे रंगवले म्हणजे चुंबकीय पट्टेही झाले (पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, आणि लाव्हा थंड होताना त्या वेळची दिशा दगडात ठसते, ते पट्टे).

आता ओढायच्या आधी भाच्याला विचारलं, वरची रिज डावीकडे आहे, खालची उजवीकडे आहे, म्हणजे मधल्या रेघेवर काय झालं असेल? तो बिनधास्त बोलला, "वरचा भाग डावीकडे सरकला, खालचा उजवीकडे, म्हणून तुटली ना रिज." हे कोणीही म्हणेल. रस्त्यावरचा पांढरा पट्टा तुटून बाजूला गेलेला दिसला की आपण हेच म्हणू. मग पट्ट्या ओढल्या. दोन फटींच्या मधल्या भागात रेघेच्या वर काय आहे? वरच्या फटीतून निघालेली उजवी पट्टी, ती उजवीकडे चालली. रेघेच्या खाली? खालच्या फटीची डावी पट्टी, ती डावीकडे. म्हणजे बरोबर उलटं! "मामा, हे उलटं काऊन जाऊन राहिलं?" कारण रिज कधी तुटून सरकलीच नाही, ती सुरुवातीपासूनच तशी पायरी-पायरीची आहे, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या जागेवर उभा राहून दोन्हीकडे तळ पसरवतो आहे. अंतर तेवढंच राहतं, घासणं चालू राहतं.

आणि टोकाच्या बाहेर बघा. खालच्या फटीच्या उजवीकडे गेलं की रेघेच्या वरची पट्टीही उजवीकडे चालली, खालचीही उजवीकडेच. दोघी एकाच प्लेटच्या, एकाच वेगाने, मग घासणार कोण कोणाला? म्हणून तिथे भूकंप नाहीत. जी चर दिसते ती जुन्या घासण्याचा व्रण आहे, तिला फ्रॅक्चर झोन म्हणतात. बुधवारचा 'अर्धा डाऊनलोड' हा असा.

ह्यामागची गोष्ट मला एमएस्सीपासून आवडते. १९६० च्या आसपास लोकांनी कॅलिफोर्नियासमोर पॅसिफिकच्या तळाचे चुंबकीय पट्टे मोजले तर मेंडोसिनो आणि शेजारच्या पायोनियर नावाच्या चरांपाशी ते पट्टे मिळून हजार किलोमीटरच्याही वर सरकलेले. एवढा मोठा फॉल्ट असेल तर तो जमिनीवर पुढे जायला पाहिजे, डोंगर कापत. जमिनीवर काहीच नाही. फॉल्ट मधेच गायब कसा होतो? १९६५ मध्ये कॅनडाचे टुझो विल्सन ह्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की हा वेगळ्याच जातीचा फॉल्ट आहे, दोन टोकांना रिजमध्ये किंवा ट्रेंचमध्ये (जिथे एक प्लेट दुसरीच्या खाली जाते ती खोल दरी) त्याचं रूपांतर होतं आणि तो तिथेच संपतो. दिशाही उलटी निघेल असं सांगून ठेवलं. नुसतं सांगितलं असतं तर वाद चालूच राहिला असता, पण हे तपासता येण्यासारखं होतं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, लिन साइक्स ह्यांनी रिजवरच्या भूकंपांच्या नोंदी घेतल्या, जगभरच्या स्टेशनांवर पहिला धक्का वर आला की खाली आला ते पाहिलं, त्यावरून फॉल्ट कोणीकडे सरकला ते काढलं, आणि दिशा विल्सन म्हणाले तीच, दिसते त्याच्या उलट. गंमत म्हणजे त्या स्टेशनांचं जाळं मुळात उभारलं होतं अणुचाचण्या पकडायला.

भाच्याने पट्ट्या ओढायचा व्हिडिओ काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. अर्धा ग्रुप अजूनही म्हणतो आहे की मामाने फसवलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

इतवारी बाजार. एमडीएफचे (लाकडी भुशाचा पाट) तुकडे, ड्रॉवरचे चॅनल दोन जोड्या, सँडपेपर जाडा-बारीक दोन्ही, मखमलीच्या कापडाचा कटपीस, स्प्रिंग. वायपर मोटर भंगारातून, १२ व्होल्ट, दुकानदार म्हणे ट्रकची आहे, दहा वर्षं बघायला नको. सीताबर्डीवरून पिझो चकत्या (धक्का बसला की वीज देणाऱ्या) आणि आर्डुइनो (छोटा संगणक-बोर्ड). ऑनलाइन मागवलेला स्पीड कंट्रोलर भलताच आला, परत पाठवला, नवीन यायला आठवडा.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी साडेसातच्या जरा आधी ताईच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या काचा वाजल्या आणि देव्हाऱ्यातली घंटी हलली. दोन-तीन सेकंद. मी खाली रस्त्यावर स्कूटर काढत होतो, मला काडीचं कळलं नाही, ताईचाच फोन आला. तेलंगणातलं मुलुगु, ७ वाजून २७ मिनिटं, ५.३. गडचिरोली, चंद्रपूरकडे चांगलाच जाणवला म्हणतात, नागपूरला हलकासा. गोदावरीचं खोरं म्हणजे फार जुनी खचलेली पट्टी आहे, १९६९ मध्ये भद्राचलमला ५.७ चा झाला होता, त्याच भागातला.

दिवसभर फोन. ऑफिसमध्येही. मी जिऑलॉजीवाला आहे हे लोकांना एरवी आठवत नाही, आज सगळ्यांना आठवलं. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "आता अजून येणार का, आणि कधी?" शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "भाऊ, नक्की तारीख सांगू नका, नुसतं एवढं सांगा की रात्री झोपायचं का." झोपा म्हटलं. नागपूर भूकंपधोक्याच्या नकाशात झोन २ मध्ये आहे, देशातला सगळ्यात कमी धोक्याचा झोन (जुना झोन १ नंतर काढून टाकला). पण हे सांगताना किल्लारी डोक्यात येतंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, ६.२ च्या आसपासचा, साडेनऊ हजारांच्या वर माणसं गेली, आणि किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन १ मध्ये होती, म्हणजे त्याहून सुरक्षित झोन नव्हताच. असा भूकंप एकाच जागी पुन्हा यायला हजारो वर्षं लागू शकतात, आणि आपल्याकडे उपकरणांची नोंद जेमतेम शंभर वर्षांची. त्यातून 'कधी' कसं काढणार.

संध्याकाळी भाच्याला म्हटलं, पोस्टरचं शीर्षक मिळालं. 'कधी?' हा प्रश्न जिथे थोडाफार विचारता येतो अशी जागा.

६ डिसेंबर, शुक्रवार

ह्याला काय म्हणावं. मध्यरात्री १२ वाजून १४ मिनिटांनी (आपल्या घड्याळात) मेंडोसिनो हलला. ७.०! तेच मेंडोसिनो, ज्याची गोष्ट मी त्याला गेल्या महिन्यात सांगितली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून साधारण ७० किलोमीटर आत समुद्रात, त्या लांबलचक चरेचा जो भाग अजून जिवंत आहे, पॅसिफिक प्लेट आणि गोर्डा नावाच्या छोट्या प्लेटच्या मधला, बरोबर तिथे. त्सुनामीचा इशारा निघाला, लोक गाड्या घेऊन उंचावर पळाले, तासाभरात इशारा मागे. भाच्याचा पहाटे मेसेज, "मामा तुम्ही काही केलं का?"

त्सुनामी का नाही आली हे पोस्टरसाठी चांगलं आहे. त्सुनामीला पाणी उचलावं लागतं, म्हणजे तळ वर किंवा खाली जायला पाहिजे. २००४ मध्ये सुमात्रापाशी तेच झालं. इथे दोन्ही बाजू आडव्या सरकतात, पाण्याला फारसा उचकाच नाही. अगदीच येत नाही असं नाही, तळाला उतार असतात, दरडी घसरतात, म्हणून इशारा द्यावाच लागतो. ज्याने इशारा दिला त्याला दुसऱ्या दिवशी शिव्या पडतात, ते काम माझ्याच्याने झालं नसतं.

दीक्षाभूमीकडे गर्दी म्हणून ऑफिसला लांबून गेलो.

१५ डिसेंबर, रविवार

उद्यापासून अधिवेशन आणि आज मंत्रिमंडळाचा शपथविधीही इथेच, सिव्हिल लाइन्सकडे गाडी नेणं म्हणजे दुपार घालवणं, म्हणून दिवसभर ताईच्या गच्चीवर बसून मॉडेल क्रमांक दोन केलं. कागदाचं मॉडेल दिशा दाखवतं, भूकंप दाखवत नाही. हे दुसरं भूकंपाचं.

रचना: एमडीएफच्या दोन लांब पट्ट्या, ड्रॉवर चॅनलवर बसवलेल्या, कडेला कड लागून. एक पट्टी पक्की, दुसरी वायपर मोटर ओढते, पण सरळ नाही, मधे स्प्रिंग. दोन पट्ट्या जिथे घासतात त्या कडांवर एकाआड एक तुकडे चिकटवले, सँडपेपर, मखमल, सँडपेपर, मखमल. बाजूने रबरबँडने दाब दिला. सँडपेपरच्या प्रत्येक तुकड्यामागे पिझो चकती, तिची तार आर्डुइनोला, लॅपटॉपवर रेघ. सुतारकाकांनी चॅनल लेव्हलमध्ये बसवून दिले आणि विचारलं, "एवढं करून हा ड्रॉवर उघडणार कुठे?"

एकाआड एक का, त्याचं कारण गोफार. पूर्व पॅसिफिकच्या रिजवर, विषुववृत्ताच्या साधारण ४ अंश दक्षिणेला हा ट्रान्सफॉर्म फॉल्ट आहे. तिथे प्लेट वर्षाला १४ सेंटीमीटर सरकतात, जगातल्या सगळ्यात वेगवान जागांपैकी एक (आपली भारताची प्लेट ५ च्या आसपास). आणि गोफारच्या ठरावीक तुकड्यांवर दर ५-६ वर्षांनी ६ च्या आसपासचा भूकंप येतो. तोच तुकडा, तेवढाच मोठा, पुन्हा पुन्हा. वहीत गुणाकार करून बघितला: १४ गुणिले साडेपाच, ७७ सेंटीमीटर. म्हणजे साधारण हातभर ताण साठला की गडी सुटतो.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे त्या तुकड्यांच्या मधे जे भाग आहेत तिथे मोठा भूकंप कधी शिरतच नाही, दरवेळी तिथे येऊन थांबतो. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी तळावर भूकंपमापकं नेऊन ठेवली, चक्राप्रमाणे आता वेळ झाली आहे म्हणून, आणि सप्टेंबरमध्ये ६ चा आलाच. उपकरणं तयार असताना भूकंप वेळेवर येणं, ह्याची किंमत ज्याला पार्कफिल्ड माहीत आहे त्यालाच कळेल. कॅलिफोर्नियातलं पार्कफिल्ड, सॅन अँड्रियास फॉल्टवरचं, तोही ट्रान्सफॉर्मच, फक्त जमिनीवरचा. १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६, सरासरी बावीस वर्षांनी ६ चा येत होता, म्हणून जाहीर केलं की १९९३ च्या आत पुढचा येईल. यंत्रं लावून बसले. आला २००४ मध्ये.

गोफारवर २००८ मध्ये काय दिसलं, तर मुख्य भूकंपाच्या आधीच्या आठवड्यात हजारो बारके भूकंप, पण जो तुकडा तुटणार होता त्याच्यात नाही, त्याच्या शेजारच्या १० किलोमीटरच्या त्या 'थांबवणाऱ्या' भागात! आणि मग मुख्य भूकंप आला आणि त्याच भागापाशी थांबला. असं मानतात की तो भाग खूप भेगाळलेला आहे, समुद्राचं पाणी खोलवर मुरलेलं, आणि मोठी फाट धावत आली की भेगा उघडतात, पाण्याचा दाब कमी होतो, दगड आवळला जातो आणि फाटीचा जोर संपतो. आमच्या मॉडेलमध्ये हे काम मखमल करते. तिच्यात पाणी नाही, ती बारके भूकंपही देत नाही, हे पोस्टरवर लिहायचं, नाहीतर मॅडम पकडतील.

२२ डिसेंबर, रविवार

नवीन स्पीड कंट्रोलर लागला. मोटर अगदी हळू फिरते. स्प्रिंग ताणत जाते, काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि खट्. लॅपटॉपवर टोक. परत शांत. भाच्याची आई खालून ओरडली काय आपटलं म्हणून.

२९ डिसेंबर, रविवार

आज दाब कमीजास्त करून बघितलं. रबरबँड घट्ट केले की खट् उशिरा येतो पण मोठा, सैल केले की लवकर आणि लहान, आणि फारच सैल केले की खट् होतच नाही, पट्टी नुसती सरपटत जाते. समुद्रातली खरी कथा ह्या सरपटण्याचीच आहे.

जगभरातल्या समुद्री ट्रान्सफॉर्म फॉल्टचा हिशोब लोकांनी लावला आहे: प्लेट जेवढ्या सरकल्या त्यातलं भूकंपांनी किती सरकवलं. उत्तर सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं ८५ टक्के गुपचूप, बिनआवाज. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पटलाच नव्हता, कारण सॅन अँड्रियाससारख्या जमिनीवरच्या फॉल्टचे कितीतरी भाग घट्ट अडकून बसतात आणि सगळा हिशोब एकदम चुकता करतात. समुद्रात का नाही?

एक कारण उष्णता. दगड साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या खालीच ठिसूळपणे तुटून भूकंप देतो, त्याहून गरम झाला की मऊपणे सरकतो. रिजजवळचा तळ नवीन, गरम, त्यामुळे तुटू शकणारा थर पातळ. जसजसे रिजपासून लांब जाल तसा तळ जुना, थंड, थर जाड. म्हणून छोटा, वेगवान ट्रान्सफॉर्म असेल तर तिथे तळ थंड व्हायला वेळच मिळत नाही, भूकंप ६ च्या आसपास अडकतात, गोफारसारखे. लांबलचक आणि संथ असेल, रोमांशसारखा, तर मधला भाग कोट्यवधी वर्षं थंड झालेला, तिथे ७ च्या वर जाऊ शकतात. २९ ऑगस्ट २०१६ चा रोमांशचा ७.१ तर अजबच, फाट आधी पूर्वेकडे गेली आणि मग उलटी फिरून पश्चिमेकडे इतक्या जोरात आली की दगडातल्या कातर-लहरींनाही (भूकंपाच्या आडव्या हलवणाऱ्या लहरी) मागे टाकलं. दुसरं कारण पाणी. भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या दगडाशी रासायनिक खेळ करतं, सर्पेंटाइन नावाचं खनिज तयार होतं, गुळगुळीत, साबणासारखं हाताला लागणारं, ते सरकायला मदत करतं.

मग दोन्ही गोष्टी एकाच फॉल्टवर शेजारी शेजारी कशा, इथे घट्ट, तिथे सैल, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी? ह्यावरच सगळे काम करून राहिले आहेत. भाचा म्हणे सोपं आहे, कोणीतरी सँडपेपर चिकटवला.

५ जानेवारी २०२५, रविवार

पोस्टरचा प्रिंट. पहिल्या प्रिंटमध्ये समुद्र हिरवा आला, दुकानदाराने मशीनला दोष दिला, मशीनने कोणालाच दिला नाही. परत काढला.

८ जानेवारी, बुधवार

काल तिबेटमध्ये ७.१, शंभरावर लोक गेले. मेंडोसिनो ७.०, तिबेट ७.१, आकडे जवळजवळ सारखे. एकाने लोकांना उंचावर पळवलं आणि परत घरी पाठवलं, दुसऱ्याने गावं पाडली. तिबेटचा जमिनीखाली उथळ, वर दगडमातीची घरं, थंडी उणे अंशात. पोस्टरवर ह्या दोन्हीची तुलना टाकू का असं भाच्याने विचारलं. टाक म्हटलं, पण नुकसानीचे फोटो नको.

१२ जानेवारी, रविवार

हिंदी महासागराचा कोपरा पूर्ण केला, हा माझ्या आवडीचा, कारण प्रदर्शनात 'आपल्याजवळ काय आहे' हे विचारणारच.

कार्ल्सबर्ग रिज वायव्येकडे जाते, तिथे ती एका ट्रान्सफॉर्मने बाजूला सरकून एडनच्या आखाताकडच्या शेबा रिजला जोडली जाते. तो ओवेन ट्रान्सफॉर्म, साधारण ३०० किलोमीटर, त्यावर ठिपके भरपूर. इथपर्यंत नियमाप्रमाणे. पण त्याच्या उत्तरेला ओवेन फ्रॅक्चर झोन सुरू होतो, पाकिस्तानच्या दिशेने वर जातो, आणि नोव्हेंबरात मी भाच्याला शिकवलं की फ्रॅक्चर झोन म्हणजे मेलेला व्रण. मग ह्यावर ठिपके का आहेत? कारण नाव तसं असलं तरी त्याच्या एका बाजूला अरेबियन प्लेट आहे आणि दुसऱ्या बाजूला भारतीय, दोघी उत्तरेकडेच चालल्या आहेत, पण अरेबिया किंचित जास्त वेगाने. फरक वर्षाला फक्त ३ मिलीमीटरच्या आसपास. गोफारच्या १४ सेंटीमीटरशी तुलना करा. इतक्या कमी फरकाने साठणारा ताण कधी सुटेल ह्याचं गोफारसारखं वेळापत्रक कोणी लावू शकत नाही, तेवढी चक्रं कोणी पाहिलीच नाहीत.

ओवेन हे नाव ब्रिटिशांच्या 'ओवेन' जहाजावरून. १९६२ मध्ये ह्याच जहाजाने कार्ल्सबर्ग रिजवर चुंबकीय मोजमाप केलं आणि त्यावरून व्हाइन आणि मॅथ्यूज ह्यांनी १९६३ मध्ये पट्ट्यांचा अर्थ लावला, की समुद्रतळ पसरतो आहे. म्हणजे प्लेट टेक्टॉनिक्सचा एक खांब आपल्या अरबी समुद्रात रोवलेला आहे, हे शाळेत कोणी सांगत नाही. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगडही बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला दगड) आणि तिथला तळही बेसाल्ट. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला, त्याच्याच आगेमागे सेशेल्स भारतापासून सुटलं आणि मग ही रिज उघडत गेली. टेबलावर एक धोंडा ठेवणार आहे, लोकांना हात लावायला काहीतरी पाहिजे.

दुसरा कोपरा, सुमात्राच्या पश्चिमेला, ११ एप्रिल २०१२. आपल्याकडे दुपारचे २ वाजून ८ मिनिटं, ८.६, आणि दोन तासांनी ८.२. दोन्ही आडव्या सरकण्याचे, आणि दोन्ही प्लेटच्या पोटात, कडेवर नाही. मोजलेल्या आडव्या भूकंपांमध्ये ८.६ सगळ्यात मोठा. तिथल्या जुन्या, मेलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या फ्रॅक्चर झोनही त्यात नव्याने तुटल्या, कारण प्लेटच आतून वाकून राहिली आहे. चेन्नई हादरली, इशारा निघाला, पाणी फारसं आलं नाही. तेव्हा 'मेलेला' हा शब्द पोस्टरवरून काढला आणि 'शांत' केला.

१८ जानेवारी, शनिवार

प्रदर्शन. सकाळी तर्री पोहे खाऊन आठला हजर, साडेआठला कळलं की आमच्या टेबलाजवळ प्लग नाही. शेजारच्या 'पाण्यावर चालणारी गाडी'वाल्यांकडून एक्स्टेन्शन घेतलं.

कागदाचं मॉडेल हिट. पट्ट्या ओढायच्या आधी दिशा सांगायची पैज लावली होती, बरोबर सांगणाऱ्याला संत्रा बर्फी. दुपारपर्यंत बर्फी जवळपास तशीच शिल्लक, एका फिजिक्सच्या सरांनीही चुकीची दिशा सांगितली आणि मग दहा मिनिटं फळ्यावर काढून बघत बसले. वायपर मोटरवालं मॉडेल पोट्ट्यांना आवडलं पण कंटाळाही आला, कारण खट् व्हायला वेळ लागतो. एकाने विचारलं स्पीड वाढवता येत नाही का. भाच्याने वाढवला आणि पट्टी नुसती कर्रकर्र करत गेली, मग स्वतःच समजावून सांगितलं की बघ, गोफार.

'कधी?' वाला प्रश्न आलाच, एका आजोबांकडून. किल्लारीच्या वेळी ते लातुरात नोकरीला होते. भाच्याने गोफारचा तक्ता दाखवला, ५-६ वर्षं, तोच तुकडा. आजोबा नीट ऐकून म्हणाले, "म्हणजे जिथे माणूसच नाही तिथला भूकंप वेळेवर येतो." भाचा म्हणाला, "हाव. पण आजोबा, तिथे चक्र लहान आहे म्हणून आपल्याला दिसतं. थांबतो कुठे, का थांबतो, हे तिथे शिकलं तर मोठ्या चक्राच्या जागी 'कधी' नाही तरी 'किती मोठा' हे सांगता येईल कदाचित." मी हे त्याला शिकवलं नव्हतं. आजोबा म्हणाले किती मोठा ते कळलं तरी घरं तशी बांधता येतील.

बक्षीस दुसरं. पहिलं पाण्यावरच्या गाडीला. ह्यावर मी काही लिहित नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पहाटे ४ वाजून ५३ मिनिटं आपल्या वेळेने, कॅरिबियन समुद्र, केमन बेटांच्या नैर्ऋत्येला, ७.६. स्वान आयलंड्स ट्रान्सफॉर्म. उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन प्लेटच्या मधे, संथ, वर्षाला २ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे २९ डिसेंबरच्या नोंदीतला लांब-थंड-संथवाला प्रकार, आणि आकडाही तसाच मोठा. ह्याच पट्ट्यात जानेवारी २०१८ मध्ये ७.५ झाला होता, आणि मधल्या छोट्या रिजच्या पलीकडे ओरिएंते फॉल्टवर जानेवारी २०२० मध्ये ७.७. सात वर्षांत तीन. इशारे निघाले, मागे घेतले गेले, नुकसान किरकोळ, आपल्या पेपरात आली तर चार ओळी येतील.

भाच्याने मी उठायच्या आधीच कॅटलॉगमधून तो उतरवून नकाशात टाकला होता, रंगही बरोबर. मग फोन, "मामा, २०१८ चा आणि आजचा तुकडा एकच आहे का शेजारचा, ते कसं बघायचं?" आफ्टरशॉक (नंतरचे बारके धक्के) जमू दे म्हटलं, आठवडाभर रोज उतरव, दोन्हींचे वेगळे रंग दे, मग दिसेल कुठून कुठपर्यंत तुटलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी मॅडमनी हेच टेबल परत मागितलं आहे, तेव्हा केमनचा नवीन तक्ता लागेल, एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा घ्यायचा आहे आणि रबरबँड सगळे सैल पडले आहेत, इतवारीतून नवीन आणायचे.